होऊन राहिली आहे

रात्रीचे पावणेबारा वाजले आहेत. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरात पंखा, पाल आणि सीडी ड्राइव्ह एवढेच जागे आहेत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. ड्राइव्ह घर्रर्र करून वर चढतो, मध्येच थबकतो, टक्-टक् करतो, दम खातो आणि पुन्हा पहिल्यापासून घर्रर्र. आतल्या खोलीतून आवाज येतो.

"अहो, काय होऊन राहिलंय?"

"कॉपी होऊन राहिली आहे."

"जेवायला बसलो तेव्हाही हेच म्हणालात."

"तेव्हा चौथं गाणं होतं."

"आणि आता?"

"आता पण चौथंच. पण खोलात गेलंय."

आमच्या या 'होऊन राहिलं'ला पुण्याचे नातेवाईक हसतात. तीन पिढ्या जबलपुरात काढल्यावर आमची मराठी हिंदीच्या कुशीत झोपायला लागली, त्याला आम्ही काय करणार? आमच्याकडे लाइट जात नाही, 'चालली जाते'. पुणेकर म्हणतात, 'होतंय' म्हणा. मी त्यांना सांगतो की 'होतंय' हे संपणाऱ्या गोष्टींसाठी ठीक आहे. दूध गरम होतंय, लग्न होतंय. सीडीची अचूक कॉपी होत नाही. ती होऊन राहते.

आता हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. मी फॅक्टरीतून रिटायर झालो. कुठली फॅक्टरी, असं जबलपुरात कोणी विचारत नाही. 1904 पासून इथे तोफांचे गाडे बनतात. पुढे दारूगोळा आला, लष्करी ट्रक आले. तेव्हा माणूस फॅक्टरीतला म्हटला की यातल्या कशाशी तरी त्याचा संबंध असणारच. माझी 34 वर्षं तपासणी विभागात गेली. हातात गो-नो गो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, की माल पास. इतकं सोपं, इतकं न्यायाचं दुसरं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. जावई बघायला गेलो तेव्हाही माझा हात खिशात गेज शोधत होता असं आमची ही सांगते.

तर गेल्या पावसाळ्यात आमचा सीडी प्लेयर वारला. कपाटात 212 सीडी. बालगंधर्व, हिराबाई, कुमार (देवासचे, म्हणजे आमच्याच प्रांतातले), भीमसेन. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सगळ्या लॅपटॉपमध्ये टाका, माझा जुना पाठवते." लॅपटॉप आला. मी तो चारी बाजूंनी फिरवला, उलटा केला, गेज असतं तर घालूनही पाहिलं असतं. पण सीडी घालायला फटच नाही. जयंती कॉम्प्लेक्समधल्या एका दुकानात घेऊन गेलो.

"भैया, इसमें सीडी कहाँ से डालेंगे?"

"अंकल, अब सीडी कौन चलाता है?"

"मेरे पास 212 हैं."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी यापूर्वी फक्त आयसीयूच्या दारात पाहिली होती. मग आतल्या पोऱ्याला हाक मारली, "बड्डे, वो पुराना वाला राइटर पड़ा है क्या?" धुळीतून एक चपटी पेटी निघाली. वायरने लॅपटॉपला जोडायची. तिच्यावर '24एक्स' लिहिलेलं. म्हणजे जोरात पळाली तर गाणं वाजतं त्याच्या चोवीस पट वेगाने वाचणार. मी खूश झालो. तासाभराची सीडी, चोवीसने भागा, अडीच मिनिटं. 212 सीडी म्हणजे जेवणाची सुट्टी धरून दोन दिवसांचं काम. (ती चोवीस पट फक्त सीडीच्या कडेला गाठते, मध्याजवळ निम्म्याहून कमी, हे पुढे कळलं.)

पहिली सीडी बालगंधर्वांची. शेजारच्या वकीलसाहेबांचा नातू बारावीत आहे, त्याला बोलावलं. त्याने चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि चार मिनिटांनी म्हणाला, "अंकलजी, हो गया."

"इतनी जल्दी?"

"इसमें देर किस बात की?"

हेच वाक्य 34 वर्षं मी प्रॉडक्शनवाल्यांच्या तोंडून ऐकलं होतं. तिथेच मला संशय आला. हेडफोन लावून बसलो. तिसऱ्या गाण्यात, 2 मिनिटं 17 सेकंदांवर, 'टक्'. मागे नेलं, पुन्हा लावलं. 'टक्'. हिला ऐकवलं. ती म्हणाली, "गाणं ऐका की हो." माल नापास.

मग मी अभ्यासाला लागलो. एखादी साधी गोष्ट कायमची बिघडवायची असेल तर रिटायर माणसाला तिचा अभ्यास करू द्यावा. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी 1980 साली ठरवलेल्या नियमांनुसार सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याचे 75 तुकडे असतात, आणि प्रत्येक कानासाठी सेकंदाला 44,100 आकडे. ओरखडा आला तर हरवलेले आकडे शोधून काढायची सोय सीडीतच केलेली असते. पण ओरखडा मोठा असला आणि आकडा सापडलाच नाही, तर ड्राइव्ह काय करतो माहीत आहे? अलीकडचा आणि पलीकडचा आकडा बघतो आणि मधला एक ठोकून देतो! कोणाला सांगतही नाही. कॉम्प्युटरचा हिशेब ठेवलेल्या सीडीत दुरुस्तीची आणखी एक फळी असते, गाण्याच्या सीडीत ती नाही. म्हणजे पगारपत्रकाला दोन तपासनीस आणि बालगंधर्वांना एक. मला त्या रात्री झोप लागली नाही.

यावर उपाय जर्मनीतल्या आंद्रे वीटहॉफ नावाच्या माणसाने 1998 साली करून ठेवला होता. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचा प्रोग्रॅम. हा माणूस नक्की तपासणी विभागात शोभला असता. त्याच्या प्रोग्रॅमला मुख्य अशा दोन चाली आहेत. एक 'बर्स्ट', म्हणजे भर्रकन वाचायचं, जे मिळेल ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं. दुसरी 'सिक्युअर'. तिच्यात प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचायचा. दोन्ही वेळा तेच आलं तर पुढे. नाही आलं तर तोच तुकडा सोळा वेळा वाचायचा आणि सोळापैकी आठ वेळा एकच उत्तर आलं तर ते खरं मानायचं. नाही आलं तर आणखी सोळा वेळा. असं पाच वेळा. सोळापैकी आठ! आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत याहून कमी मतांवर गणपतीचं बजेट पास होतं.

हिला समजावून सांगायला मी नर्मदेचा आधार घेतला. म्हटलं, "परिक्रमा बघ. बसने केली तर पंधरा-वीस दिवसांत उरकते. पायी, नेमाने केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. पहिली बर्स्ट, दुसरी सिक्युअर."

"पायी करणारे रात्री आश्रमात झोपतात तरी," ही म्हणाली.

सिक्युअर चालीत स्वच्छ सीडी पंधरा-वीस मिनिटांत होते हे मला मान्य केलं पाहिजे. पण आमच्या घरात स्वच्छ सीडी हा प्रकार नव्हता. प्रोग्रॅम चूक झालेल्या जागेला 'सस्पिशियस पोझिशन' म्हणतो आणि मिनिट-सेकंदासकट तिची नोंद करतो. त्या नोंदी वाचता वाचता आमच्या संसाराचा पंचवीस वर्षांचा इतिहास माझ्यासमोर उलगडला. भीमसेनांच्या सीडीवर एक अंगठा होता. पूर्ण, रेषांसकट, चिकट. उजेडात धरून पाहिला तर पाकात बुडालेला. दिवाळीत जावई आले होते आणि आल्या आल्या खोव्याची जिलबी हवी म्हणाले होते. जबलपुरात पाहुणा आला की आधी खोव्याची जिलबी आणि मग भेडाघाटचा धबधबा, हा क्रम ठरलेला. नावेतून संगमरवरी कडे बघून आल्यावर ते म्हणाले होते, "बाबा, जरा भीमसेन लावू का?" मी कौतुकाने हो म्हणालो होतो. म्हणून सांगतो, गेज बरोबर न्यायला हवं होतं.

हिराबाई बडोदेकरांच्या सीडीचं प्रकरण त्याहून वाईट. तिसरं गाणं कितीही वाचलं तरी लाल दिवेच लाल दिवे. सीडी काढून उलटी केली तर चकचकीत बाजूला मधोमध एक लालसर वर्तुळ. खंडेनवमीला फॅक्टरीत शस्त्रपूजा व्हायची. त्या सवयीने मी घरी सीडी प्लेयरची पूजा केली होती, आणि आत जी सीडी होती तीही देवाचंच रूप म्हणून बाहेर काढून तिला हळदकुंकू लावलं होतं. वाचायच्या बाजूला. अनामिकेने, भक्तिभावाने, गोल फिरवून.

सीडी पुसायची एक रीत आहे. मधून कडेकडे, सरळ. गोल पुसली तर पुसण्याचे ओरखडे गाण्याच्या रेघेबरोबर लांबच लांब धावतात आणि ते दुरुस्त होत नाहीत. हे मला कळलं तेव्हा हिने चौदा सीडी जेवणाच्या थाळीसारख्या गोल गोल लखलखीत पुसून स्टँडमध्ये उभ्या केल्या होत्या. वकीलसाहेबांनी टूथपेस्ट लावायला सांगितलं. लावली. ओरखडा गेला की नाही माहीत नाही, पण ड्राइव्हच्या तोंडाला दोन दिवस पुदिन्याचा वास येत होता.

सगळ्यात जास्त छळलं ते भैरवीने. सीडी मधून बाहेर वाचली जाते. पहिलं गाणं मध्याजवळ, शेवटचं कडेला. बोटं लागतात कडेला, घासतेही कडच. मैफल संपते भैरवीने. म्हणजे दर सीडीवर नेमकी भैरवीच लोकांच्या बोटांखाली! सत्तर मिनिटांची मैफल रात्री नऊला लावायची, अकरापर्यंत राग निर्विघ्न उतरायचे आणि भैरवीत ड्राइव्ह घुटमळायला लागायचा. आणि त्यात लाइट. मुलीच्या लॅपटॉपची बॅटरी शोभेची आहे. एका रात्री भैरवी 97 टक्क्यांवर होती, वादळ आलं आणि लाइट चालली गेली. अंधारात मी बसून राहिलो. आतून ही म्हणाली, "झोपा आता." ड्राइव्हसुद्धा सुटकेचा श्वास सोडल्यासारखा हळूहळू थांबला.

या सगळ्यावर कळस म्हणजे ऑफसेट. प्रत्येक ड्राइव्ह गाणं वाचायला कणभर आधी नाहीतर कणभर उशिरा सुरुवात करतो, आणि कोणता ड्राइव्ह किती, याच्या याद्या आहेत. माझा 6 आकड्यांनी चुकत होता. सेकंदाला 44,100 आकडे, म्हणजे ही चूक सेकंदाच्या सात हजाराव्या भागाएवढी. मी दोन संध्याकाळी खर्चून ती दुरुस्त केली. त्या दोन्ही संध्याकाळी मंडळात सहाचा कार्यक्रम होता. मी पावणेआठला पोचलो आणि दीपप्रज्वलन मला मिळालं.

ऑफसेट जमला की 'अ‍ॅक्युरेटरिप' नावाची सोय वापरता येते. तुमच्या कॉपीचं गणित करून ती जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या कॉप्यांशी ताडून बघते. इंग्रजी गाण्यांच्या सीडीला म्हणे शेकडो साक्षीदार मिळतात. आमच्या नाट्यसंगीताला 'ही सीडी यादीत नाही' एवढंच उत्तर यायचं. गाण्यांची नावं आपोआप भरणारी दुसरी यादी तर गाण्यांची संख्या आणि लांबी बघून अंदाज बांधते. तिने एका सीडीला कुठल्याशा परदेशी हेवी मेटल बँडचं नाव दिलं आणि मी ते खोडेपर्यंत मास्टर कृष्णराव चार दिवस गिटारवाले होते. आणि मग एका पहाटे कुमारांच्या सीडीला उत्तर आलं: जुळते, साक्षीदार 1. या एवढ्या पृथ्वीवर कोणीतरी एक माणूस होता! कुठे असेल? न्यू जर्सीत? इंदूरला? मी हिला उठवून सांगितलं.

"एकच?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"एकच. पण त्याचा एकेक आकडा माझ्याशी जुळतो."

"त्याची बायको पण जागीच असेल बिचारी."

मुलीने फोनवर जावयांना माझी प्रगती सांगितली तेव्हा साडेतीन महिन्यांत अकरा सीडी झाल्या होत्या. जावई म्हणाले, "बाबा, वेग आणि अचूकपणा यांचा बॅलन्स साधायला हवा. तुमच्या गावात तर दगडालाही बॅलन्स जमतो." मदनमहालच्या टेकडीवरचा बॅलन्सिंग रॉक त्यांनीही पाहिला आहे. भला मोठा धोंडा दुसऱ्या धोंड्यावर जेमतेम टेकलेला. 22 मे 1997च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सगळं राइट टाउन असेल त्या कपड्यांत रस्त्यावर धावलं होतं. तो दगड हलला नाही. पण त्याला बॅलन्स जमतो याचं कारण त्याला 212 सीडी उरकायच्या नाहीत. हे मी जावयांना बोललो नाही. अंगठ्याबद्दल मात्र बोललो.

राहता राहिली ती पहिली, बालगंधर्वांची सीडी. ती मी सात वेळा सिक्युअर चालीने वाचली. वेग कमी करत करत शेवटी एक पट, म्हणजे गाणं वाजतं तेवढ्याच वेगाने. दर वेळी प्रोग्रॅम म्हणे, एकही चूक नाही. दर वेळी 2 मिनिटं 17 सेकंदांवर 'टक्'. तेव्हा माझा प्रोग्रॅमवरचाही विश्वास उडाला. तपासनिसावर दुसरा तपासनीस हवा. प्लेयर तर वारलेला. एकदम आठवलं, वकीलसाहेबांच्या जुन्या गाडीत सीडी लावायची फट आहे.

रात्री साडेनऊला आम्ही पोर्चमध्ये उभ्या गाडीत बसलो. पुढे वकीलसाहेब आणि मी, मागे ही आणि नातू. काचा बंद, कारण डास. इंजिन बंद, कारण आवाज. बालगंधर्व गायला लागले आणि मी घड्याळ बघत होतो. दोन पंधरा, दोन सोळा, 'टक्'.

"देखा!" मी ओरडलो. "इसमें भी है!"

"तो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मागच्या सीटवर हिने पर्समधून चष्मा काढला, सीडीच्या डबीतला कागद काढला आणि मोबाइलच्या उजेडात वाचून दाखवला. ही गाणी जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवरून घेतलेली असल्यामुळे त्यातली खरखर तशीच राहिली आहे, अशा अर्थाचं तिथे छापलं होतं. मराठीत. सीडी विकत घेतली त्या दिवसापासून.

गाडीत कोणी काही बोललं नाही. 34 वर्षं तपासणी केलेल्या माणसाने लेबल वाचलं नव्हतं. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने तबकडीसाठी गायलं तेव्हापासून गवयांची तक्रार होती की तीनेक मिनिटांत राग कसा बसवायचा. त्यांनी बसवला. आणि कोणा भाग्यवंताच्या घरी सुई घसरून त्यावर पडलेला ओरखडा मी साडेतीन महिने, सात वेळा, एकेक आकडा ताडून, अत्यंत अचूकपणे जतन करत होतो.

"परसाईजी आज होते ना," वकीलसाहेब शेवटी म्हणाले, "तो आप पर पूरा कॉलम लिख डालते." हरिशंकर परसाई इथल्याच नेपियर टाउनमध्ये राहत. मला तो सन्मान वाटला. हिला वाटला नाही.

घरात आल्यावर नातवाने तीच सीडी, गंमत म्हणून, बर्स्ट चालीने उतरवून दाखवली. कॉपी संपली की प्रोग्रॅम प्रत्येक गाण्याला आठ अक्षरांचा एक कोड देतो. त्याचा चार मिनिटांतला कोड आणि माझा सातव्या वेळचा कोड शेजारी शेजारी धरले. आठही अक्षरं तीच. पोरगं काही बोललं नाही, हा त्याचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ही म्हणाली, "आधी सगळ्या भरभर करा. ज्या जुळत नाहीत त्याच तुमच्या सोळा सोळा वेळा वाचा." मी तोंड उघडलं आणि मिटलं. फॅक्टरीत तरी मी प्रत्येक नग कुठे मोजत होतो? शंभरातले ठरावीक उचलायचे, पास झाले की अख्खी पेटी पास. त्याच पद्धतीवर मला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. घरी मात्र हे हिने सांगावं लागलं, आणि तेही पोळी न थांबवता.

आता 140 सीडी झाल्या आहेत. त्या ऐकायला मला अजून वेळ झालेला नाही, ही रोज स्वयंपाक करताना ऐकते. उरलेल्यांपैकी भैरव्या तेवढ्या मी रात्री हळू चालीने घेतो. आत्ता जी घर्रर्र चालली आहे ती मात्र हिराबाईंची, तिसरं गाणं झालं आणि चौथ्यात कुंकवाची कड लागली. तर वाचकांपैकी कोणाकडे हिराबाई बडोदेकरांची सीडी असेल आणि तिला हळदकुंकू लागलेलं नसेल, तर आठ दिवसांसाठी द्यावी. पुसताना मधून कडेकडे पुसून द्यावी. मी ती जपून वापरीन, हात धुऊन धरीन, जावई आले तर कपाटात ठेवीन. आठ दिवसांत परत मागू नये एवढीच विनंती आहे. त्या वेळी ती होऊन राहिलेली असेल.